एका दहा अंकी संख्येची पडताळणी

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिलेले.)



सत्काराच्या कार्यक्रमात पाहुण्याने काय बोलायचे हे साधारणपणे ठरलेले असते. खूप शिका, मोठे व्हा, आईवडिलांचे नाव काढा. माझ्या आधीच्या वक्त्यांनी हे सर्व माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगितले आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मी एका संख्येवर बोलतो." ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत आहात, शैक्षणिक कर्जावर बोला. मुलांना उपयोग तरी होईल." त्यांचे काही चुकले नव्हते. मी बँकेत साधा क्लार्क आहे आणि बी. ए. झालेलो आहे, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. गणितावर बोलण्याचा मला काहीही अधिकार नाही. तरीही मी बोलणार आहे. का, ते शेवटी सांगतो.

मघाशी मी मुद्दाम फळा मागवून घेतला आणि त्यावर एक संख्या लिहिली.

४२९४९६७२९७

आमच्याकडे बँकेत रक्कम नुसती अंकात लिहून चालत नाही, ती अक्षरी लिहावी लागते. तशी ही अक्षरी लिहिली तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव फक्त. ही संख्या कुठून आली ते सांगतो. समजा, आज कोणी तुम्हाला एक पैसा दिला. उद्या त्याचे दोन पैसे झाले, परवा चार, तेरवा आठ. रोज दुप्पट. कोणतीही बँक असे व्याज देत नाही, देईन म्हणणाऱ्या माणसापासून दूर राहा. पण हिशेब म्हणून पाहू. दहा वेळा दुप्पट केली की होतात १०२४ पैसे, म्हणजे १० रुपये २४ पैसे. यात काही विशेष वाटत नाही. वीस वेळा केली की १०,४८५ रुपये ७६ पैसे. तीस वेळा केली की एक कोटी सात लाखांच्या वर. आणि बत्तीस वेळा केली की ४,२९,४९,६७२ रुपये ९६ पैसे. म्हणजेच ४२९४९६७२९६ पैसे. त्यात आणखी एक पैसा टाकला की फळ्यावरची संख्या तयार होते. गणिताच्या भाषेत, दोनचा बत्तिसावा घात अधिक एक.

आता प्रश्न असा की, ही संख्या मूळ आहे की संयुक्त? सातवी-आठवीच्या मुलांना हे माहीत आहे, पण मोठ्यांसाठी सांगतो. एकपेक्षा मोठ्या ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. १५ ही संयुक्त, कारण ३ गुणिले ५. लहान संख्येचे आपण तोंडी सांगू शकतो. या दहा अंकी संख्येचे कसे सांगणार? शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे २ ने आणि ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे ३ नेही जात नाही. ७ आणि ११ ने करून पाहा, बाकी उरतेच. पण पुढे काय?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो माझ्या मुलीमुळे. ती नववीत होती. शाळेच्या वाचनालयातून गणितातल्या गमतीजमतींचे एक पुस्तक घेऊन आली आणि रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाली, "पप्पा, यात लिहिलंय की या संख्येला ६४१ ने भाग जातो. खरं असेल का?" मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, "बाळा, मला गणितातलं काही कळत नाही. तू उद्या सरांना विचार." ती म्हणाली, "तुम्ही तर बँकेत आहात ना?" मला उत्तर सुचले नाही. टीव्ही बंद केला आणि पुस्तक हातात घेतले.

त्या पुस्तकात मला पिएर द फर्मा भेटला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच गृहस्थ पेशाने वकील होता आणि तुलूझ शहराच्या न्यायसभेत नोकरीला होता. म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार माणूस. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पण या छंदातून त्याने एवढे काम केले की आजही संख्यासिद्धांताचा अभ्यास त्याच्या नावाशिवाय सुरू होत नाही. पुस्तके छापण्याच्या भानगडीत तो पडला नाही, मित्रांना पत्रे लिहून आपले शोध कळवत असे. त्याची अनेक विधाने पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केली. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या विधानाला तर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञाने दिलेली त्याची सिद्धता १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि फर्मा तिथेही बरोबर ठरला.

या फर्माने १६४० साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात काही संख्यांची एक रांग मांडली. दोनपासून सुरुवात करा. दोनला दोननेच गुणा, चार. चारला चारनेच गुणा, सोळा. सोळाला सोळाने, २५६. पुन्हा तसेच, ६५५३६. यातल्या प्रत्येकात एक मिळवा. मिळतात ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. गंमत म्हणजे या पाचही संख्या मूळ आहेत. फर्माचे मत पडले की ही रांग कितीही पुढे नेली तरी प्रत्येक संख्या मूळच निघणार. यातली सहावी संख्या, म्हणजे ६५५३६ गुणिले ६५५३६ अधिक एक, हीच आपली फळ्यावरची.

येथे फर्माच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याच्याकडे सिद्धता नव्हती आणि तसे त्याने पत्रांत प्रामाणिकपणे लिहिलेही होते. पण त्याची खात्री मात्र पक्की होती. आणि एवढ्या मोठ्या माणसाची खात्री म्हटल्यावर लोकांनी ती मानली. पाच वेळा खरे ठरले, सहाव्यांदा कशाला तपासा? आणि तपासणे सोपेही नव्हते. ६५५३७ ही संख्या मूळ आहे हे पाहायला २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. अशा संख्या आहेत ५४. एका बैठकीचे काम. पण पुढच्या संख्येसाठी ६५५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या घ्याव्या लागतात. त्या आहेत ६५४२. एवढे भागाकार दौतटाकाने करायचे म्हणजे काय, ते तुम्हीच मनात आणा.

आणि आता या गोष्टीतली हळहळ लावणारी बाब सांगतो. ६५४२ भागाकार करावे लागणारच नव्हते. २, ३, ५, ७ असे क्रमाने कोणी भागत गेले असते तर ११६ व्या मूळ संख्येशी उत्तर हाती आले असते. दिवसाला चार भागाकार केले तरी एक महिना पुरे होता. तेवढेही कोणी केल्याची नोंद नाही. ही गोष्ट ९२ वर्षे तशीच राहिली.

१७२९ च्या डिसेंबरात रशियातील गोल्डबाख नावाच्या गणितप्रेमी गृहस्थाने आपल्या एका तरुण मित्राला पत्र लिहून विचारले, "फर्माचे हे विधान तुम्हाला माहीत आहे का?" हा मित्र म्हणजे लेओनार्ड ऑयलर. सुरुवातीला ऑयलरने फारसे मनावर घेतले नाही. गोल्डबाखने पुन्हा आठवण दिली तेव्हा तो कामाला लागला. १७३२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेपुढे त्याने सांगितले की ही सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने भाग जातो.

ऑयलरने आंधळेपणाने भागाकार केले नव्हते. त्याने आधी चाळणी लावली. चाळणी अशी की, या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असलीच पाहिजे. असे का, ते त्याने नंतरच्या लेखात दाखवले. आता ६४ च्या पटीत एक मिळवत चला : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ६५ आणि ३८५ ला ५ ने, तर १२९, ३२१ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, म्हणजे त्या बाद. उरल्या फक्त पाच. १९३ ने भागले तर बाकी १०९. २५७ ने भागले तर बाकी २. ४४९ ने बाकी ३२५. ५७७ ने बाकी २८८. आणि ६४१ ने भागले तर बाकी शून्य. ६५४२ भागाकारांचे काम पाच भागाकारांवर आले. विशेष असे की, ही चाळणी ज्या नियमातून निघते तो नियम स्वतः फर्मानेच १६४० मध्ये मांडलेला होता. चाळणी त्याच्याच घरात होती. स्वतःच्या खात्रीला ती लावायची तेवढी राहिली.

तर त्या रात्री मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुलगी समोर बसली. ६४१ ने भागत भागत शेवटपर्यंत आलो आणि बाकी उरली ५०२. भागाकार आला ६६,९९,९९५. पुस्तकात तर बाकी शून्य आणि भागाकार ६७,००,४१७ दिला होता. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणालो, "बघ, सांगितलं होतं ना, हे माझं काम नव्हे." मुलगी म्हणाली, "मग पुस्तक चुकलं की तुम्ही?" प्रश्न रास्त होता. म्हणून मी उलट बाजूने गेलो. ६७,००,४१७ गुणिले ६४१. सहाशेने गुणले, ४०२,०२,५०,२००. चाळीसने गुणले, २६,८०,१६,६८०. एकने गुणले, ६७,००,४१७. तिन्हींची बेरीज नेमकी ४२९४९६७२९७. म्हणजे पुस्तक बरोबर होते. आता माझी चूक कुठे? मी ज्या संख्येला भागले होते ती या उत्तरातून वजा केली. फरक आला २,७०,०००.

आता येथे बँकेचा माणूस जागा झाला. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेड कॅशिअरनी मला एक गोष्ट शिकवली होती. संध्याकाळी कॅश जुळली नाही आणि फरक निघाला, तर सर्वांत आधी बघायचे, फरकाला ९ ने भाग जातो का. जात असेल तर बहुधा कुठेतरी अंक उलटसुलट लागले आहेत. ४,५२० च्या जागी ५,४२० पडले तर फरक येतो ९००, त्याला ९ ने भाग जातो. कारण साधे आहे. दहा, शंभर, हजार, कशालाही ९ ने भागा, बाकी एकच उरते. म्हणून कोणत्याही संख्येची ९ ने येणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवर ठरते, अंकांच्या जागेवर नाही. अंकांची अदलाबदल झाली तरी बाकी तीच राहते आणि फरकात ती उडून जाते. या युक्तीने मी कितीतरी संध्याकाळी वेळेवर घरी गेलो आहे. २,७०,००० ला ९ ने भाग जातो. मी कागद पाहिला. मी ४२९४९६७२९७ च्या ऐवजी ४२९४६९७२९७ लिहून घेतले होते. ९६ चे ६९ झाले होते. मला भागाकार येत होता. माझ्याकडून संख्या उतरवताना चूक झाली होती, एवढेच.

मुलीला मी तिथेच नऊची तपासणीही दाखवली. ६४१ च्या अंकांची बेरीज ११, पुन्हा बेरीज २. ६७००४१७ च्या अंकांची बेरीज २५, पुन्हा ७. दोन गुणिले सात चौदा, म्हणजे ५. आणि मूळ दहा अंकी संख्येची बेरीज ५९, त्याची १४, त्याची ५. दोन्हीकडे पाच. ही तपासणी जुळली म्हणजे गुणाकार बरोबरच आहे असे नाही, पण जुळली नाही तर तो नक्की चूक आहे. ६७००४१७ ही स्वतः मूळ संख्या आहे, म्हणून फळ्यावरच्या संख्येचे विभाजक चारच : १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्या पुस्तकातली दुसरी युक्ती समजून घेतली, ती मला फार आवडली. ती ऑयलरची नाही, नंतरच्या लोकांनी शोधलेली आहे. तिला भागाकारच लागत नाही. मी ती आपल्या जमाखर्चाच्या भाषेत सांगतो.

६४१ चा एक गठ्ठा समजा. ६४० म्हणजे गठ्ठ्याला एकची तूट. आता ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, आणि १२८ म्हणजे दोनचा सातवा घात. ६४० ला चार वेळा घेऊन गुणा. तूट गुणिले तूट म्हणजे जमा, आणि जमा गुणिले जमा पुन्हा जमा. म्हणून चार तुटींचा गुणाकार केला की गठ्ठे सोडून एक जमा उरतो. ही झाली एक बाजू.

आता तोच गुणाकार दुसऱ्या बाजूने पाहा. त्यात पाच चार वेळा आला आहे, म्हणजे ६२५. आणि दोनचा सातवा घात चार वेळा आला आहे, म्हणजे दोनचा अठ्ठाविसावा घात. ६२५ म्हणजे गठ्ठ्याला १६ ची तूट. १६ म्हणजे दोनचा चौथा घात. चौथा आणि अठ्ठाविसावा एकत्र आले की बत्तिसावा. म्हणजे या बाजूने दोनच्या बत्तिसाव्या घाताएवढी तूट येते. एका बाजूने एक जमा, दुसऱ्या बाजूने दोनच्या बत्तिसाव्या घाताएवढी तूट, आणि हिशेब एकच. याचा अर्थ दोनच्या बत्तिसाव्या घाताला गठ्ठे पुरे व्हायला नेमका एक कमी पडतो. मघाचे आपले पैसे आठवा. शहाण्णव पैशांवर थांबलेल्या रकमेत आपण एक पैसा टाकला होता ना? तो टाकला की खाते जुळते. बाकी शून्य.

ज्यांना हे आत्ता लगेच कळले नाही त्यांनी संकोच करू नये. मला त्याला दोन रविवार लागले.

या संख्येच्या शेजाऱ्यांचीही थोडी ओळख करून देतो. दोन घरे अलीकडची संख्या ४२९४९६७२९५. तिला भाग कशाने जातो पाहा : ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. फर्माच्या त्याच पाच मूळ संख्या! ३ गुणिले ५ पंधरा, गुणिले १७ दोनशे पंचावन्न, गुणिले २५७ पासष्ट हजार पाचशे पस्तीस, गुणिले ६५५३७ म्हणजे ही संख्या. मधली ४२९४९६७२९६ ही संगणकवाल्यांच्या ओळखीची. बत्तीस खाने, प्रत्येकात शून्य किंवा एक, तर एवढे वेगवेगळे आकडे लिहिता येतात. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते एवढेच होते आणि पुढे ते अपुरे पडू लागले.

फर्माचे विधान चुकले म्हणून त्या संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ साली गौस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने दाखवले की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते. दोन हजार वर्षे हे कोणाला जमले नव्हते. अशा आकृत्या कोणत्या निघतात हे फर्माच्या मूळ संख्यांवरच ठरते. हर्मिस नावाच्या एका जर्मन माणसाने ६५५३७ बाजूंच्या आकृतीची रीत लिहिण्यात सुमारे दहा वर्षे घालवली. त्याचे हस्तलिखित गटिंगेनच्या विद्यापीठात ठेवलेले आहे.

ऑयलरच्या नंतर रांगेतली सातवी संख्या लँड्री या फ्रेंच माणसाने १८८० साली फोडली. तेव्हा त्याचे वय ८२ वर्षांचे होते. ज्येष्ठ मंडळींनी याची नोंद घ्यावी! तिचा लहान विभाजक २७४१७७ निघाला. पहिल्या संख्येला शून्य क्रमांक देऊन मोजण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त आहेत हे आता ठाऊक झाले आहे. त्यातल्या विसाव्या संख्येत तीन लाखांहून अधिक अंक आहेत. ती मूळ नाही हे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही विभाजक अद्याप कोणाला सापडलेला नाही. पाचच्या पुढे सहावी मूळ संख्या या रांगेत आजवर मिळालेली नाही. सर्व मूळ, असे फर्मा म्हणाला होता. प्रत्यक्षात त्याला जेवढ्या दिसल्या तेवढ्याच मूळ निघाल्या.

उपयोग काय, असे कार्यवाह विचारतील म्हणून तेही सांगतो. ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार तुमच्यापैकी कोणीही दोन मिनिटांत करील. पण तो गुणाकार हातात देऊन त्याचे तुकडे शोधा म्हटले तर ९२ वर्षे लागली. जोडणे सोपे आणि फोडणे कठीण, या एका गोष्टीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी गुप्त संदेशांची एक पद्धत उभी केली. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ती जगभर वापरली गेली. त्यात शेकडो अंकी संख्या असतात. आणि त्या पद्धतीत नेहमी घेतला जाणारा एक आकडा आहे ६५५३७, आपल्या फर्माची शेवटची मूळ संख्या. वीस वर्षे मी बँकेत काम करतो आहे आणि हे मला मुलीच्या पुस्तकामुळे कळले.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो आणि आपली रजा घेतो.

मी आठवीत होतो. आमच्या शाळेत गणिताचे एक शिक्षक होते. ते काही मुलांना फळ्याजवळ बोलावत आणि काहींना बोलावत नसत. मी न बोलावलेल्यांत होतो. एकदा मी स्वतःहून हात वर केला. ते म्हणाले, "बस खाली. गणित तुझ्या डोक्यातलं नाही. पुढे आर्ट्सला जा, नोकरी लागेल कुठेतरी." वर्ग हसला. मी खाली बसलो. खरे सांगायचे तर मी पुढची तीस वर्षे खालीच बसलेला होतो. आर्ट्स मला आवडले, त्याचे मला दुःख नाही. मराठी साहित्याने मला पुष्कळ दिले. दुःख याचे आहे की, एका माणसाने एक विधान केले आणि ते खरे आहे की खोटे हे मी एकदाही तपासून पाहिले नाही. रोज लाखो रुपयांचा हिशेब पैशापर्यंत जुळवत होतो आणि घरी येऊन मुलीला सांगत होतो की मला गणितातले काही कळत नाही.

त्या शिक्षकांनी मला पडताळून पाहिले नव्हते. फर्माने निदान पाच संख्या तपासल्या होत्या, आणि सहाव्याबद्दल सिद्धता नाही असे कबूल केले होते. मला तर एकदाही फळ्याजवळ न बोलावता निकाल दिला गेला. आणि त्याहून मोठी चूक माझी. मी तो निकाल मान्य करून फाईल बंद केली.

म्हणून आज सत्कार झालेल्या मुलांनाही सांगतो आणि ज्यांचे गुण कमी पडले म्हणून जी मुले आज मागच्या रांगेत बसली आहेत त्यांना तर विशेष सांगतो. तुमच्याबद्दल कोणी काही विधान करील, चांगले किंवा वाईट, तर ते करणारा कितीही मोठा असो, भागाकार स्वतः करून पाहा. पहिल्यांदा बाकी ५०२ उरली तर लगेच पेन्सिल टाकू नका. आधी बघा, संख्या तर चुकीची उतरवली नाही ना!

फळ्यावरची संख्या मी पुसत नाही. तिच्याखाली ६४१ लिहून ठेवतो. कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या आधी ज्याला भागून पाहायचे असेल त्याने यावे. खडू येथेच ठेवला आहे. कोणाला बोलावण्याची वाट पाहू नये.